पहिली देणगी आली. आता पुढे?

शाळेत किंवा महाविद्यालयात देणगीचं काम सहसा कुणी मागून घेत नाही, ते गळ्यात पडतं. बैठकीत विषय निघतो, सगळ्यांच्या नजरा एखाद्या उत्साही शिक्षकाकडे किंवा माजी विद्यार्थी संघाच्या नव्या सचिवाकडे वळतात आणि ठरून जातं. मग पहिलं वर्ष नवे देणगीदार शोधण्यात जातं. या लेखाचा विषय त्याच्या पुढचा आहे : एकदा पैसे दिलेला माणूस संस्थेशी जोडलेला राहावा यासाठी काय करायचं.

अमेरिकेत स्वयंसेवी संस्थांच्या देणग्यांचा हिशोब बरीच वर्षं एकत्र मांडला जातो. त्यात दिसतं की पहिल्यांदा देणगी देणाऱ्या पाच जणांपैकी साधारण एकच जण पुढच्या वर्षी पुन्हा देतो. पण ज्यांनी दुसऱ्यांदा दिली, त्यांच्यातले निम्म्याहून जास्त लोक त्याच्या पुढच्या वर्षीही देतात. म्हणजे खरी गळती पहिल्या आणि दुसऱ्या देणगीच्या मधल्या काळात होते. म्हणूनच या कामात नव्याने आलेल्याला मी एवढंच सांगेन की पहिल्या वर्षी हा मधला काळ सांभाळा, बाकीचं नंतर बघू. पहिली रक्कम बहुतेकदा चाचपणी असते. देणारा हात राखून देतो आणि तुम्ही पुढे कसे वागता ते बघतो.

बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टस्कीगी इथे कृष्णवर्णीयांसाठी शाळा सुरू केली. तिच्यासाठी ते आयुष्यभर दारोदार फिरले. रेल्वेसम्राट कॉलिस हंटिंग्टन यांना ते पहिल्यांदा भेटले तेव्हा हंटिंग्टन यांनी दोन डॉलर दिले. शेवटच्या भेटीत, मृत्यूच्या काही महिने आधी, त्यांनी शाळेच्या कायम निधीसाठी पन्नास हजार डॉलर दिले. दोन डॉलर देणाऱ्या श्रीमंताला कंजूष म्हणून यादीतून उडवणं किती सोपं होतं, याचा विचार करून बघा.

आधी नोंदवही

सॉफ्टवेअर घ्यायची घाई करू नका. शंभर-दोनशे देणगीदारांपर्यंत नीट ठेवलेली एक एक्सेल शीट पुरते. नाव, संपर्क, संस्थेशी नातं, रक्कम, तारीख, कशासाठी दिली, कुणाच्या ओळखीने आले, आभार कधी आणि कुणी मानले, हे रकाने तर हवेतच. शेवटचा एक रकाना मोठा ठेवा : काय बोलणं झालं. ‘भौतिकशास्त्राच्या बाईंची आठवण काढली’, ‘ईमेल बघत नाहीत, संध्याकाळी फोन चालतो’, ‘नाव कुठे छापू नका म्हणाले’. पुढची सगळी कामं याच रकान्यावर चालतात.

या रकान्याला एक कुंपण घाला. जे वाक्य देणगीदाराने स्वतः वाचलं तर तुम्हाला मान खाली घालावी लागेल, ते लिहायचं नाही. उत्पन्नाचे अंदाज, घरातले वाद, ऐकीव गोष्टी यांची तिथे जागा नाही. आणि ही शीट कुणा एकाच्या मोबाइलमध्ये नको, संस्थेच्या खात्यावर हवी. ती उघडायची परवानगी मात्र दोघा-तिघांनाच.

नावं तपासायला वेळ द्या. एकाच घरातल्या दोघांना दोन वेगळी पत्रं जाणं किरकोळ आहे, पण गेलेल्या जोडीदाराच्या नावाने दर वर्षी पत्र येत राहणं किरकोळ नाही. कळलं त्याच दिवशी दुरुस्ती करा. नाव त्यांना जसं लिहिलेलं आवडतं तसंच लिहा. लग्नानंतर बदललेलं की आधीचं, आद्याक्षरं की पूर्ण, पदवी हवी की नको, हे विचारलं तर कुणी रागावत नाही.

पहिले दोन दिवस

पावती आणि आभार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावती हिशोबासाठी असते. ती लगेच गेली पाहिजे, कर सवलतीचा नियम लागू असेल तर त्यासाठी लागणारा सगळा तपशील तिच्यात हवा. आभार माणसाचे माणसाने मानायचे असतात. ऑनलाइन देणगी आल्यावर आपोआप जाणारा संदेश ही पावतीच, तिला आभार समजून गप्प बसू नका. आभार दोन दिवसांत गेले पाहिजेत. फार तर आठवडा. महिन्याभराने गेलेलं सुंदर पत्र हे दुसऱ्या दिवशी गेलेल्या साध्या चार ओळींपेक्षा कमी कामाचं.

आपल्या संस्थांमधून सर्रास जाणारा मजकूर साधारण असा असतो :

‘आपण आमच्या संस्थेस दिलेल्या बहुमोल देणगीबद्दल संस्था आपली शतशः ऋणी आहे. आपल्यासारख्या दानशूर व्यक्तींमुळेच ज्ञानदानाचे हे पवित्र कार्य अव्याहत सुरू आहे. असाच लोभ असावा.’

हे पत्र कुणालाही पाठवता येतं आणि कुणालाही पाठवलं तरी चालतं. वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळतं. त्याऐवजी :

‘तुमची देणगी सोमवारी मिळाली. संध्याकाळी ग्रंथालयात अभ्यासाला बसणाऱ्या मुलांना उजेड कमी पडत होता. तुमचे पैसे त्याच कामाला लागणार आहेत. सुट्टीत काम सुरू होईल. झालं की मी स्वतः तुम्हाला कळवेन. मधे काही विचारायचं असेल तर खाली माझा थेट नंबर आहे.’

पैसे पोचले, कशाला लागणार, कधी कळेल आणि कुणाला विचारायचं, एवढं या सहा वाक्यांत आलं. विशेषण एकही नाही. शिवाय पुढच्या भेटीचं निमित्त आधीच तयार झालं, कारण तुम्ही कळवायचं वचन दिलं आहे. वचन दिलंच नसतं तर चार महिन्यांनी पाठवलेला फोटो ‘पुन्हा मागायला आले’ असा वाटला असता.

सही कुणाची? लहान शाळेत मुख्याध्यापकांची, महाविद्यालयात प्राचार्यांची किंवा ज्या विभागाला पैसे मिळाले त्याच्या प्रमुखांची. खाली पेनाने एक ओळ लिहिता आली तर उत्तमच. छापील पत्रावर हाताने लिहिलेली ती एक ओळ लोक आधी वाचतात.

त्याच आठवड्यात फोन करा. नव्या माणसाला याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटते, पण संभाषण दोन मिनिटांचं असतं. ‘नमस्कार, मी अमुक शाळेतून बोलतोय. तुमची देणगी मिळाली, आभार मानायला फोन केला. बाकी काही काम नाही.’ समोर बहुतेकदा क्षणभर शांतता पसरते, कारण माणूस पुढच्या मागणीची वाट बघत असतो. मागणी येत नाही हे लक्षात आलं की तो आपणहून बोलायला लागतो. तेव्हा तुम्ही गप्प राहायचं. ‘जाता जाता आमच्या नव्या योजनेबद्दलही सांगतो’ हे वाक्य तोंडात आलं तरी गिळा. त्याने आधीचे सगळे आभार खोटे ठरतात. हा फोन विश्वस्तांपैकी कुणी केला तर त्याचं वजन आणखी वाढतं. मागायला लाजणारे विश्वस्तही आभाराचा फोन आनंदाने करतात, म्हणून त्यांना दर महिन्याला पाच नावं द्या.

देणगी कुणाच्या स्मरणार्थ दिली असेल तर दोन पत्रं जातात : एक देणाऱ्याला, एक गेलेल्या व्यक्तीच्या कुटुंबाला. दुसऱ्या पत्रात रक्कम लिहायची नाही.

रक्कम बघून आभारांची पातळी ठरवायचा मोह होईल. मोठ्या रकमेला वेळ जास्त देणं स्वाभाविक आहे, पण छोट्या रकमेला काहीच नाही असं होता कामा नये. ऑसिओला मॅकार्टी या बाईंनी जन्मभर लोकांचे कपडे धुऊन पैसे साठवले आणि १९९५ साली दक्षिण मिसिसिपी विद्यापीठाला शिष्यवृत्तीसाठी दीड लाख डॉलर देत असल्याचं जाहीर झालं. कपड्यालत्त्यावरून देणगीदार ओळखणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव कधीच आलं नसतं.

का दिले, हे विचारा

पैसे का दिले हे आपल्याला माहीत आहे असं आपण गृहीत धरतो. माजी विद्यार्थी आहे म्हणजे शाळेवर प्रेम असणार. असेलही. पण प्रेम कशावर? एका शिक्षकावर, मैदानावर, फी माफ झाली होती त्या वर्षावर, की नुसतं वर्गमित्राने फार आग्रह केला म्हणून? ज्याला मैदानासाठी जीव तुटतो त्याला वर्षभर प्रयोगशाळेच्या बातम्या पाठवल्या तर तो गप्पपणे दूर जाईल, आणि तुम्हाला कारण कधी कळणार नाही.

म्हणून पहिल्या दोन महिन्यांत एक प्रश्न विचारा. ‘तुम्हाला आमच्याकडे यावंसं का वाटलं?’ भेटीत, फोनवर, जमलं तर ईमेलमधे. आलेलं उत्तर त्यांच्याच शब्दांत नोंदवहीत उतरवा, आपल्या शब्दांत नाही.

पालक देणगीदारांचं थोडं वेगळं असतं. त्यांचा संबंध मुलासोबत येतो आणि मूल बाहेर पडलं की संपतो. तो टिकवायचा तर मूल शिकत असतानाच पालकांना संस्थेच्या एखाद्या कामात स्वतंत्रपणे गुंतवावं लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे देणगीचा प्रवेशाशी, गुणांशी, वर्गशिक्षकाच्या वागण्याशी काडीचाही संबंध नाही हे तोंडाने स्पष्ट सांगा. वर्गावर शिकवणाऱ्या शिक्षकाला कुठल्या पालकाने किती दिले हे कळूच नये, अशी व्यवस्था ठेवा. एका पालकाला झुकतं माप मिळाल्याची कुजबुज झाली तर बाकीचे पन्नास गमावता.

कंपन्या हा तिसरा प्रकार. तिथे तुमच्याशी बोलणारा माणूस दोन-तीन वर्षांत बदलतो. नातं त्याच्याशी ठेवा, पण कागदपत्रं अशी ठेवा की त्याच्या जागी आलेल्या नव्या माणसाला पंधरा मिनिटांत सगळं समजेल. त्यांना अहवाल कुठल्या नमुन्यात आणि कोणत्या तारखेला हवा ते पैसे घेतानाच विचारून ठेवा.

पैशाचं काय झालं ते दाखवा

या पायरीवर सगळ्यात जास्त संस्था घसरतात, आणि नातं टिकणं-तुटणं इथेच ठरतं. देणगीनंतर तीन ते पाच महिन्यांनी, काहीही न मागता, कामाची खबर गेली पाहिजे. वार्षिक अहवालाची जाडजूड पुस्तिका यासाठी चालत नाही. तिच्यात देणगीदाराला स्वतःचे पैसे दिसत नाहीत.

खबर छोटी आणि नेमकी असावी. वरच्या उदाहरणातलं ग्रंथालय घेऊ. ‘दिवे लागले’ एवढं पुरत नाही. ‘दिवे लागले. ग्रंथालय पूर्वी अंधार पडला की बंद करावं लागायचं, आता रात्री आठपर्यंत चालू असतं. ग्रंथपालांची तक्रार आहे की आता मुलं उठतच नाहीत.’ सोबत एक फोटो. ग्रंथपालांची ती तक्रार माणसाच्या लक्षात राहते आणि तो ती घरी सांगतो.

काम रखडलं असेल तरी खबर जाते. ‘ठेकेदाराचं काम पसंत पडलं नाही, दुसरा शोधतोय, दोन महिने उशीर होईल.’ असं लिहायला हात धजावत नाही, पण अशा पत्राने विश्वास वाढतो. उशीर लोक समजून घेतात, तो दुसऱ्या कुणाकडून कळला तर मात्र नाही.

पैसे सर्वसाधारण खर्चासाठी आले असतील तर? वीज, दुरुस्ती, सेवकांचे पगार यांचा फोटो काय काढणार, असं वाटतं. इथे लपवाछपवी करू नका. ‘तुमच्यासारख्यांच्या देणग्यांमुळे यंदा संगणक कक्ष एक दिवसही बंद पडला नाही’ हे खरं असेल तर ते पुरेसं आहे. विनाअट मिळालेला पैसा संस्थेला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो हेही त्यात सांगा. कुणी सांगितल्याशिवाय देणगीदाराला ते कळायला मार्ग नाही.

आता फोटोंबद्दल, जरा कडक शब्दांत. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय जायचे नाहीत. नाव, इयत्ता आणि घरची परिस्थिती एकाच ठिकाणी द्यायची नाही. फाटके कपडे, रडवेला चेहरा, हातात धनादेश घेऊन उभं केलेलं मूल, हे प्रकार बंद. त्या मुलाचे वर्गमित्रही तो फोटो बघणार आहेत. शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याने पत्र लिहावं ही पद्धत चांगली आहे, पण शिक्षकांनी मजकूर सांगून तीस मुलांकडून तेच पत्र उतरवून घेतलं तर वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. विद्यार्थ्याला एवढंच सांगा : सध्या काय शिकतोयस, काय अवघड जातंय, पुढे काय करायचं आहे ते लिही. आभार मानायची सक्ती नको. ‘सांख्यिकी मला अजिबात जमत नाही’ अशी ओळ असलेलं पत्र देणगीदार जपून ठेवतो.

अटीवर दिलेला पैसा

अमुक कामासाठीच वापरा असं सांगून दिलेला पैसा त्याच कामाला लागला पाहिजे. ऐकायला सोपं आहे, पण जगातली बलाढ्य विद्यापीठंही इथे अडचणीत आली आहेत. ली बास या माजी विद्यार्थ्याने १९९१ साली येल विद्यापीठाला पाश्चात्त्य संस्कृतीच्या अभ्यासक्रमासाठी दोन कोटी डॉलर दिले. काही वर्षं गेली, अभ्यासक्रम उभा राहिला नाही, मतभेद वाढले आणि १९९५ साली येलने सगळी रक्कम परत केली. प्रिन्स्टनचं प्रकरण आणखी लांबलं. १९६१ साली रॉबर्टसन कुटुंबाने शासकीय सेवेत जाणारे पदवीधर घडवण्यासाठी साडेतीन कोटी डॉलर दिले होते. पैसा त्या हेतूने वापरला जात नाही, असा आरोप करून २००२ साली वारसांनी खटला भरला. विद्यापीठाने आरोप अमान्य केले. २००८च्या डिसेंबरमधे तडजोड झाली तेव्हा वारसांच्या बाजूच्या वकिलीचा खर्च आणि नव्या प्रतिष्ठानासाठीचा निधी धरून नऊ कोटी डॉलर द्यायचं ठरलं.

तुमच्याकडे कोट्यवधींची देणगी नसेल, पण अडचण तीच असते. कुणीतरी टंकलेखन वर्गासाठी ठेव देऊन जातं, वीस वर्षांनी टंकलेखन शिकायला कुणी येत नाही, व्याज पडून राहतं आणि देणारा हयात नसतो. म्हणून अटीवरची प्रत्येक देणगी, रक्कम छोटी असली तरी, एका पानाच्या कागदावर आणा : रक्कम किती, काम कोणतं, मुद्दल वापरायचं की फक्त व्याज, खबर कधी देणार. आणि एक कलम असं : ‘हे काम पुढे शक्य राहिलं नाही तर व्यवस्थापन देणगीदाराशी किंवा वारसांशी बोलून त्याच्या जवळच्या हेतूसाठी निधी वापरेल.’ दोघांच्या सह्या, दोघांकडे एकेक प्रत. लेखा विभागाकडेही एक प्रत जाऊ द्या. आत काय ठरलं हे हिशोब लिहिणाऱ्याला माहीत नसल्यामुळेच अर्धे गोंधळ होतात.

जमणार नसेल तर नाही म्हणा. देणगीदाराला मर्जीतले शिक्षक नेमायचे असतील, अभ्यासक्रम ठरवायचा असेल, शिष्यवृत्तीधारक स्वतः निवडायचा असेल, तर तो पैसा घ्यायचा नाही. कुठल्या प्रकारची देणगी घ्यायची नाही याचा एक परिच्छेद विश्वस्तांकडून आधीच मंजूर करून घ्या. ऐनवेळी समोर धनादेश असताना तत्त्वं ठरत नाहीत.

नाव, पाटी, सत्कार

महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेल्या महिला विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं, नाव मिळालं. नाव देणं हा कृतज्ञतेचा जुना आणि चांगला मार्ग आहे. पण नाव लावायची मुदत, इमारत पाडली तर नावाचं काय, आणि कोणत्या परिस्थितीत ते काढता येईल, हे कागदावर असू द्या. टफ्ट्स विद्यापीठाने २०१९ साली आपल्या वैद्यकीय इमारती आणि उपक्रमांवरून सॅकलर कुटुंबाचं नाव उतरवलं. त्या कुटुंबाच्या कंपनीचं व्यसन लावणाऱ्या वेदनाशामकांशी असलेलं नातं विद्यार्थ्यांना सहन होईना.

उलट काहींना नाव नकोच असतं. चक फीनी या अमेरिकन उद्योजकाने आपल्या देणग्या देणाऱ्या प्रतिष्ठानाचं काम १९८२ पासून १९९७ पर्यंत गुप्त ठेवलं. कॉर्नेल या त्यांच्या विद्यापीठाला त्यांच्याकडून मिळालेली एकूण रक्कम एक अब्ज डॉलरच्या घरात जाते. तेव्हा सत्कार, व्यासपीठ, फलक, फेसबुकवरची पोस्ट, यातलं काहीही न विचारता करू नका. विचारायला एक मिनिट लागतं.

समारंभांचं म्हणाल तर माझा त्यांच्यावर फारसा विश्वास नाही. शंभर देणगीदारांना सभागृहात बसवून दोन तास भाषणं ऐकवण्यापेक्षा त्यातल्या पाच जणांना साध्या कामाच्या दिवशी बोलावून वर्ग चालू असताना फिरवून आणणं कमी खर्चाचं आणि जास्त उपयोगाचं. त्यांना काही काम देता आलं तर बघा. एखाद्या विषयावर मुलांशी बोलणं, प्रकल्प तपासणं, मुलाखतीची तयारी करून घेणं. सल्ला विचारत असाल तर तो खरंच हवा असेल तेव्हाच विचारा. विचारून दुर्लक्ष केलं तर न विचारण्यापेक्षा वाईट.

दुसऱ्यांदा मागणं

येलच्या माजी विद्यार्थ्यांनी १८९० साली दर वर्षी वर्गणीसारखी देणगी गोळा करायला सुरुवात केली, आणि आज जगभरच्या विद्यापीठांत दिसणारी वार्षिक निधीची पद्धत तिथून पसरली. त्यामागचा विचार सरळ होता : थोडं द्या, पण दर वर्षी द्या. दुसरी देणगी मागताना तुमच्याही डोक्यात हेच असावं.

मागायचं कधी? खबर पोचल्यावर. पहिल्या पैशाचं काय झालं हे कळण्याआधी दुसरी मागणी गेली तर माणूस पहिल्याचाच हिशोब मनात करत बसतो. आभार, मग खबर, शक्य झाल्यास एखादी भेट, आणि वर्षाच्या आसपास मागणी, असा क्रम धरा. मागताना आधी दिलेल्या देणगीचा उल्लेख हवाच. जुन्या देणगीदाराला नव्यासारखं पत्र गेलं की त्याला कळतं, यांच्या लेखी आपण आलोच नव्हतो.

रक्कम नेमकी सांगा. ‘यथाशक्ती’ म्हटलं की समोरच्याला किती द्यावे हे कळत नाही, आणि मग तो विचार पुढे ढकलतो. गेल्या वेळेएवढी किंवा थोडी जास्त, आणि तेवढ्यात नेमकं काय होईल ते. दरमहा छोटी रक्कम आपोआप वळती होण्याची सोय असेल तर ती इथे सुचवा. प्रत्यक्ष भेटीत मागत असाल तर रक्कम उच्चारल्यावर थांबा. नवखा माणूस त्या शांततेला घाबरून लगेच म्हणतो, ‘म्हणजे, कमी दिले तरी चालतील.’ समोरचा कदाचित होकाराचे शब्द जुळवत असतो.

नकार आला तर तो कशाला आहे ते ओळखा. आत्ता नको, एवढी नको, या कामासाठी नको, तुमच्या संस्थेलाच नको. पहिले तीन नकार म्हणजे संभाषण चालू आहे. चौथा आला तर आभार मानून थांबायचं. वॉशिंग्टन यांनीच आत्मचरित्रात लिहिलं आहे की कनेक्टिकट राज्यातल्या स्टॅमफर्डजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांना भेटायला ते दोन मैल चालत गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि काहीच दिलं नाही. तीन तास वाया गेले, असं वॉशिंग्टन यांना वाटलं. दोन वर्षांनी त्याच गृहस्थांचं पत्र आलं, सोबत दहा हजार डॉलर. ही रक्कम मृत्युपत्रात तुमच्या नावे ठेवली होती, पण हयातीतच द्यावी असं वाटलं, आणि तुमची भेट अजून आनंदाने आठवते, असं त्यात होतं. नकार मिळाल्यावर वॉशिंग्टन तिथून कसे बाहेर पडले असतील, याचा अंदाज त्या शेवटच्या वाक्यावरून येतो.

जे गप्प झाले

दीड वर्ष झालं, पुन्हा काही आलं नाही, तर गृहीत धरू नका की मन उडालं. पत्ता बदललेला असतो, बँकेचं कार्ड संपलेलं असतं, पत्र दुसऱ्याच्या हाती पडलेलं असतं, आणि पुष्कळदा आपण मागितलेलंच नसतं. एक फोन करा, मागणीशिवाय. तक्रार निघाली तर लिहून घ्या आणि काय केलं ते पंधरा दिवसांत कळवा. तक्रार करणाऱ्याला अजून तुमच्याबद्दल काही वाटतं. ‘मला यादीतून काढा’ म्हटलं तर त्याच दिवशी काढा. १९९३ साली अमेरिकेत शैक्षणिक आणि इतर निधी उभारणाऱ्यांच्या संघटनांनी मिळून देणगीदारांच्या हक्कांची एक सनद काढली. दिलेला पैसा दिलेल्या कामालाच लागेल, संस्थेचे हिशोब बघायला मिळतील, प्रश्न विचारल्यावर खरं उत्तर मिळेल, आणि दुसऱ्यांना दिल्या जाणाऱ्या याद्यांतून आपलं नाव वगळून घेता येईल, हे सगळं तिच्यात हक्क म्हणून आलं आहे. कार्यालयात भिंतीवर लावण्यासारखा कागद आहे.

तुम्ही नसाल तेव्हा

बदली होते, निवृत्ती येते, दुसरी नोकरी मिळते. देणगीदार तुम्हालाच ओळखत असेल तर तुमच्यासोबत तोही जातो. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या देणगीदाराला संस्थेतली किमान दोन माणसं ओळखत असू द्या, त्यातला एक शिकवणारा असावा. निघायच्या आधी उत्तराधिकाऱ्याला सोबत घेऊन वरच्या दहा-पंधरा जणांना भेटा किंवा निदान तिघांचा एकत्र फोन करा. दिलेली वचनं वेगळ्या कागदावर लिहून द्या : कुणाला कशाची खबर द्यायची आहे, कधी द्यायची आहे.

कामाचं मोजमाप हवं असेल तर एकच आकडा धरा. गेल्या वर्षी पहिल्यांदा दिलेल्यांपैकी यंदा पुन्हा कितींनी दिलं. एकूण जमलेली रक्कम एखाद्या मोठ्या धनादेशाने फुगते आणि सगळं आलबेल असल्याचा भास होतो. या आकड्याला फुगवता येत नाही. विश्वस्तांच्या बैठकीत तोच आधी वाचून दाखवा, बाकीचे नंतर.

आठवड्यातला अर्धा दिवसच मिळत असेल तर नवं काही सुरू करण्याआधी गेल्या दोन वर्षांची पावतीपुस्तकं काढा. एकदाच दिलेल्या लोकांची नावं वेगळी करा, त्यातल्या प्रत्येकाच्या पैशाचं काय झालं ते हिशोबातून शोधा आणि दर आठवड्याला चार जणांना ते कळवा. काहींच्या बाबतीत काय झालं ते सापडणार नाही. ती यादी मुख्याध्यापकांकडे किंवा प्राचार्यांकडे घेऊन जा आणि आधी ती निकाली काढा, तोवर त्या लोकांकडे दुसऱ्यांदा मागायला जाऊ नका.